लातूरहून निघालेलं घर

लातूरच्या क्लासमध्ये एक सवय अंगात मुरली होती. उत्तर येत नसेल तर काहीतरी करून आणायचं, पण उत्तरपत्रिकेतला गोल रिकामा सोडायचा नाही. ती सवय घेऊनच मी नांदेडला सिव्हिल इंजिनिअरिंगला आले.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला माझी जोडीदार चाकूरची होती, शेतकऱ्याघरची, मोठ्यानं बोलणारी. मी इंग्रजी माध्यमातली. मराठी वाक्य मनात घोळवून घोळवून शेवटी गप्प बसणारी. भूकंपाच्या धक्क्यात दुमजली घराचा सांगाडा किती सरकतो, हे आम्हाला काढायचं होतं. प्रत्येक सांध्याची समीकरणं मांडायची आणि सगळी एकदम सॉफ्टवेअरकडून सोडवून घ्यायची.

दुपारी बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर प्रोग्रॅम चालला नाही, तर आम्ही दोघी नापास. सकाळी मी समीकरणं भरली, तर पडद्यावर इशारा आला: यांना एकच एक उत्तर नाही. मी काही आकडे किंचित बदलले. उत्तर आलं.

तिनं मागून डोकावून पाहिलं आणि हसतच सुटली. "अगं बाई, तुझं घर लातूरहून निघालंय, नांदेडला मुक्कामाला यायलंय!"

वरचा मजला कित्येक किलोमीटर सरकला होता.

"पण उत्तर तर आलं ना?" मी म्हणाले.

"तू आणलंस गं. ते बिचारं सरळ सांगायलंय, जमत न्हाई म्हणून. का जमत न्हाई, हे तर बघ!"

तिनं माझे बदल पुसले, वहीच्या मागं सांगाडा काढला आणि त्याला बोटानं ढकललं. "ह्याला खाली धरलंय कुणी?"

पाया जमिनीत पक्का आहे, ही अट मी लिहिलीच नव्हती. घर अधांतरी होतं, कुठंही सरकलं तरी समीकरणांना चालणारं. तिनं पायाचं सरकणं शून्य केलं. वरचा मजला काही मिलिमीटरवर आला. मी प्रोग्रॅमचा नकार दुरुस्त करायला निघाले होते; ती तो ऐकत होती. तिचं हे मला फार आवडलं.

दुपारी परीक्षकांनी नेमकं मलाच विचारलं, "काय मॅडम, कॉम्प्युटर म्हणेल ते खरं का?"

मी तिच्याकडं पाहिलं. एरवी माझ्या वाटचंही बोलणारी ती, तेव्हा मुद्दाम पंख्याकडं बघत बसली.

"दाखवते, सर," मी म्हणाले. पायाची अट काढली, प्रोग्रॅम चालवला आणि तो का अडला, ते मराठीत सांगत गेले. मधे एकदाही थांबले नाही. परीक्षकांनी मान हलवून सही केली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "लई बोललीस की गं!"