कॅथोडवरचं मीठ
नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शिरवण्याच्या कारखान्यात आम्ही रडारच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी निर्वात नळ्या (व्हॅक्यूम ट्यूब) बनवायचो. एका नळीतला नॉइज, म्हणजे सिग्नलमधली खरखर, काही केल्या कमी होईना, आणि ती घ्यायला आलेले अधिकारी बाहेर खोळंबलेले. तिची इलेक्ट्रॉन गन मीच जोडली होती.

दुसऱ्या युनिटातून एका म्हाताऱ्या फिटरला बोलावलं. त्याने नळी कापली, गनमधला इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड चिमट्याने भिंगाखाली धरला आणि श्वास रोखून बराच वेळ पाहिला. मग माझ्या घामाने ओल्या तळहातांकडे पाहिलं.

"हातमोजे घातले नव्हते ना?" तो हळूच म्हणाला. "ह्यो डाग घामाच्या मिठाचा हाय. माज्या बापाचं मिठागर व्हतं."

तेवढ्यात आमचे साहेब दारात आले. "चूक कोणाची?"

म्हाताऱ्याने आपले हातमोजे काढून माझ्या हातात दिले.

"नवी गन ह्योच बसवील," तो म्हणाला.