पाचशे वॅटचा पोकळ कोबी

मंडळी, नव्या ग्राफिक्स कार्डाले पॉवर पुरत नव्हती, म्हणून आज दुपारी वर्ध्याहून नवा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, आणला. डब्यावर मोठ्ठं लिहिलंय, पाचशे वॅट.

माझे बाबा बजारात भाजी विकतात. त्यांनी तो हातावर तोलला अन् म्हणाले, "पोकळ आहे रे हा. वापस करून येजो."

मी हसलो. "बाबा, कोबी आहे का हा?"

जोडला, गेम लावला. पाच मिनिटांत फट्ट आवाज अन् जळका वास. दुकानदार फोनवर म्हणे, "जळाल्या मालाले गॅरंटी नाई."

कॉम्प्युटर बंद, कॅफेतून लिहून राह्यलो. कार्ड वाचलं की गेलं, तेही कळेना.

घरून निघताना कार्ड काढून बाबांच्या हातात दिलं. त्यांनी तोललं. म्हणाले, "याचं मले काई समजत नाई."

तुमच्यापैकी कोणाले समजते का?