शेपटीवाला एल

माझ्या प्रबंधाचा विषय सांगायला सोपा होता. नाशकात आपण ‘शाळा’ म्हणतो. सटाण्याकडे गेलं की अहिराणीत तिची ‘शाया’ होते, डोळ्याचा ‘डोया’ होतो. हा ळ नेमका कुठल्या गावापाशी सुटतो हे शोधायला कॉलेजातले तास सांभाळून मी दोन वर्षं एसटीने हिंडले. नामपूरच्या एका आजींना पाच वेळा ‘काळा’ म्हणायला लावलं, तेव्हा त्या वैतागल्या. “माय, तुन्ही जीभ वाकडी व्हस, मन्ही नई!”

ध्वनिलिपीत या ळसाठी एक अक्षर आहे: ɭ. इंग्रजी एलच, पण खालून उजवीकडे वळलेली शेपटी असलेला. नव्वदच्या दशकात ते कुठल्याच कीबोर्डवर नव्हतं. माझे मार्गदर्शक सर पुण्यात असत. त्यांनी फ्लॉपीवर एक फॉन्ट पाठवला. नाशकात सीबीएस बसस्थानकाजवळ डीटीपी करणाऱ्या काकांनी तो कॉम्प्युटरवर टाकला आणि मिटणारा महिरपी कंस, म्हणजे }, दाबला की शेपटीवाला एल उमटायला लागला. मी खूश.

प्रती पुण्यातच काढून बांधायच्या होत्या, म्हणून प्रबंधाची फ्लॉपी सरांकडे पाठवली. चार दिवसांनी त्यांचा फोन आला.

“अहो, तुमच्या प्रबंधात ळ कुठेय? सगळीकडे कंस आहेत!”

छपाईच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्टच नव्हता. आत साठवलेला होता कंस. शेपटी हे फक्त फॉन्टने काढलेलं चित्र. मी धावत काकांकडे गेले.

“मॅडम, माझ्याकडे तर बरोबर दिसतंय.”

“काका, परीक्षक तुमच्या दुकानात येऊन वाचणार आहेत का?”

पुन्हा छापायला वेळ नव्हता. मी पुण्याला गेले आणि सरांच्या जेवणाच्या टेबलावर बसून पाचही प्रतींत ळच्या जागी उमटलेल्या प्रत्येक कंसावर व्हाइटनर लावून, तो वाळल्यावर पेनाने एल काढला, शेपटीसह. तिसऱ्या प्रतीपासून शेपट्या डावीकडे वळायला लागल्या. सरांच्या बायकोने तीनदा चहा दिला आणि एकदाही विचारलं नाही की हे काय चाललंय. पदवी मिळाली.

काही वर्षांनी प्रबंधाचं पुस्तक करायचं ठरलं. तोवर युनिकोड आलं होतं. त्यात या अक्षराला स्वतःचा क्रमांक होता, कुणाच्या जागेवर बसायची गरज नव्हती. काका म्हणाले, “आता एका मिनिटाचं काम. सगळे कंस शोधायचे, त्याजागी तुमचं अक्षर टाकायचं.” त्यांनी बटण दाबलं. ध्वनिबदलाच्या नियमांच्या प्रकरणात मी खरेखुरे महिरपी कंस वापरले होते. उघडणारे तसेच राहिले आणि मिटणाऱ्यांचे ळ झाले.

“आधी सांगायचं ना मॅडम!”

“मला कुठे ठाऊक होतं तुम्ही विचारणार नाही ते?”

बदललेली फाइल त्यांनी मूळ फाइलवरच सेव्ह केली होती. ते प्रकरण मी एकेक ओळ तपासत, पंधरा दिवस कॉलेजातून आल्यावर दुरुस्त केलं.

शेवटी फाइल ईमेलने सरांना पाठवली. लगेच फोन आला. “सगळे एल शेपटीसकट आहेत हो, कुठला फॉन्टही टाकावा लागला नाही.” ते आनंदाने सांगत होते. मला मात्र आनंदाऐवजी संतापच आला. एवढं साधं होतं, तर इतकी वर्षं का लागली?

पुस्तक आलं. पान एकेचाळीसवर एक कंस अजून ळच आहे.