पोलिश समजणारा कुत्रा

अमेरिकेतल्या मुलाच्या घरामागे पोलिश लोकांची जुनी वस्ती आहे. महायुद्धानंतर बांधलेली, एकसारखी विटांची घरं. दुकानांच्या पाट्या अजून पोलिश, आत मात्र सगळे इंग्रजीच बोलतात. गुडघे बोलायला लागले की मी बेकरीबाहेरच्या बाकावर टेकतो. तिथे एक म्हातारा आपल्या कुत्र्याशी पोलिशमध्ये बोलत असतो. कुत्राही कान टवकारून ऐकतो.

आज मी विचारलं, "मुलांना येते ही भाषा?"

"नाही. मग यालाच शिकवली," तो म्हणाला. "याला कसली घाई नसते."

परतताना वाटलं, भाषा माणूस विसरत नाही. ती ऐकणारं कुणी उरत नाही.

घरी नातवाला हाक मारली. मोबाइलमधून मान वर न काढता तो इंग्रजीत "थांबा" म्हणाला. बराच वेळ थांबलो. मग खिडकीतल्या कढीपत्त्याला पाणी घालताना त्यालाच विचारलं, "थंडी वाजते का रे?"