बापाला इचारा

संस्थानी अमलात भोरच्या कचेरीबाहेर बसून मी लोकांचे अर्ज लिहीत असे. एकदा भाटघरकडची एक बाई तीन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन आली. नवऱ्याने दुसरी बायको केली होती. पंचांनी काडीमोड मंजूर केला, पण लेक बापाकडे राहील असं ठरवलं.

"लेकीचा ताबा आन् पोटगी, दोनी लिवा," ती म्हणाली.

"एकच मागा, बाई. तेवढं तरी पदरात पडेल."

"का? लेक दोघांची हाय न्हवं?"

सुनावणीला ती पदर खोचून ताठ उभी राहिली. नवऱ्याचा वकील म्हणाला, "बाप हाच कायदेशीर पालक."

"मग त्या पालकाला इचारा, सरकार, पोरीला कंच्या कानानं ऐकू येत न्हाई?"

नवरा गोंधळला. "दोनी कान चांगलं हायेत की!"

न्यायाधीशांनी मुलीच्या डाव्या कानामागे चुटकी वाजवली. तिने मान वळवली नाही. उजवीकडे वाजवताच ती हसून वळली.

ताबा आणि पोटगी, दोन्ही मिळालं. कारकून म्हणाला, "सरकारचे उपकार मान."

"उपकार कशाचं? माझ्या हक्काचं व्हतं."

त्यानंतर कुणाच्याही अर्जात 'कृपा करून' लिहिताना माझा हात अडखळू लागला.