आमचे साडू आणि सांगितलेलं परत सांगणं

खानदेशात बोलणारी माणसं पुष्कळ आहेत, पण बोललेलं समोरच्याच्या डोक्यात जाऊन बसलं की नाही हे बघितल्याशिवाय जागचं न हलणारा माणूस एकच आहे, आणि तो आमचा साडू आहे. हे मी कौतुकाने लिहितो असं कोणी समजू नये. साडू-साडूंचं एकमेकांबद्दल काय मत असतं ते लग्न झालेल्या माणसाला सांगायला नको. त्यात मी चौथी शिकलेला, धरणगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये उभा जन्म मुकादमी केलेला माणूस. माझं काम सांगायचं होतं, ऐकायचं नव्हतं. मी सहसा कोणाला मानत नाही. यांना मानतो. का मानतो ते लिहून ठेवावं म्हणून बसलो आहे.

माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिली आहे. बायको त्यांना नाना म्हणते, म्हणून मीही नाना म्हणतो. मूळचे धुळ्याकडचे, पण पोटासाठी रावेरला गेले आणि केळीच्या गाड्या भरून देण्याच्या धंद्यात पडले. रावेरची बोली वेगळी. यांनी मात्र आपली अहिराणी तसूभर सोडली नाही. साताऱ्याच्या साहेबाशी अहिराणी, सातपुड्यातून आलेल्या पावरा मजूर बाईशी अहिराणी, पंजाबच्या ट्रकवाल्याशीही अहिराणी. आणि बोलून झालं की दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून, समोरच्याच्या डोळ्यात बघत एकच वाक्य: "सांग बरं, मी काय सांगं?"

म्हणजे मी काय सांगितलं ते तू मला परत सांग. मग तुम्ही कोणीही असा, तुमची सुटका नाही. एकदा मी रावेरला गेलो असताना डोळ्यांनी पाहिलं. नानांनी ट्रकवाल्या सरदारजीला सांगितलं की गाडी सावलीत लाव, ताडपत्री मागून सैल ठेव, रस्त्यात कुठे थांबलास तर घडांना वारा लागू दे. सांगून झालं आणि गुडघ्यावर हात गेले. सरदारजीने सगळं पंजाबीत परत सांगितलं, हाताने ताडपत्री सैल करून दाखवली, तोंडाने वारासुद्धा घातला. नानांना पंजाबीचं अक्षर येत नाही. पण त्यांनी मान हलवली, "बरोबर," म्हणाले, आणि दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. मी म्हटलं, "नाना, तुम्हाला काय समजलं?" तर म्हणाले, "भाऊ, त्याले समजनं, हाई मले समजनं."

ही खोड लागली कशी, ते अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला सांगितलं. धंदा नवीन होता तेव्हा. केळीचा घड एकदा झाडावरून उतरला की तो गाडीची वाट बघत बसत नाही. नानांनी शेतावर निरोप पाठवला होता की गाडी अजून आलेली नाही, घड कापू नका. निरोप नेणारा वाटेत दोघांशी बोलला, एकाकडे जेवला, आणि शेतावर जाऊन म्हणाला, "नाना गाडीचं म्हणत होते, कापायचं बघा." मजूर बिचारे, त्यांनी बाग उतरवून टाकली. गाडी आली दुसऱ्या दिवशी कलत्या दुपारी. तोवर घड उन्हात पडून काळे. नाना निरोप्यावर ओरडले नाहीत, मजुरांवर नाहीत. बांधावर बसून राहिले. संध्याकाळी घरी येऊन अक्कांना म्हणाले की चूक माझी आहे, मी सांगितलं आणि समजलं असेल असं धरून चाललो. त्या दिवसापासून या माणसाने जन्मात काही धरून चालायचं सोडलं.

त्याचा त्रास किती, ते आम्ही सोयरे जाणतो. लग्नाची पत्रिका द्यायला आले तर पत्रिका देऊन जाणार नाहीत. हळद कधी, मांडव कुठे, मुलीचं माहेर कोणतं, सगळं तुमच्याकडून वदवून घेणार. आमचा एक वयस्कर चुलता त्यांना पाहिलं की आधीच हात जोडून सुरू करायचा, "शुक्रवारी, नाना, शुक्रवारी, गोरज मुहूर्तावर, आता बसा!" एस.टी.त तिकीट घेताना कंडक्टरला विचारायचे, "सांग बरं, मी कोठे उतरसू?" कंडक्टर म्हणायचा, "काका, तिकिटावर लिहिलंय." "तिकीट मना खिसामा राही. तू मले उतारशी." मागची माणसं बोंबलत, गाडी उभी. शेवटी कंडक्टर थांब्याचं नाव ओरडून सांगायचा, तेव्हा नाना जागेवर बसायचे. पण एक खरं, सगळी गाडी आपल्या थांब्याच्या पुढे झोपून गेलेली मी पाहिली आहे, नाना कधी गेले नाहीत.

घरात दोन सुना. सुना म्हटलं की कधी भांडण आलंच. नानांचा नियम असा की भांडा, खुशाल भांडा, पण एकीने उत्तर द्यायच्या आधी दुसरीचं बोलणं तिला पटेल असं परत सांगायचं. धाकटी म्हणाली, "तुम्ही माझा डबा मुद्दाम उशिरा भरला," तर थोरलीने आधी म्हणायचं, "तुझं म्हणणं असं की मी तुझा डबा मुद्दाम उशिरा भरला," आणि मग काय भांडायचं ते भांडायचं. सांगायला आनंद वाटतो की त्या घरात भांडण पुरं होत नाही. अर्ध्यावर दोघींना हसू तरी येतं, नाहीतर भात लागतो.

मोबाईल आल्यावर आम्हाला वाटलं नाना आता सुधारतील. एकदा त्यांनी भाच्याला विचारलं की रविवारी घरी येतोस का. भाच्याने फोनवर नुसता अंगठा पाठवला. नानांनी तो अंगठा सगळ्यांना दाखवला. हा अंगठा म्हणजे येतो, की बघतो, की ठीक आहे बघू? कोणाला खात्रीने सांगता येईना. दुसऱ्या दिवशी नाना एस.टी.ने भुसावळला, भाच्याच्या दारात. "आते तोंडघाई सांग." म्हणजे आता तोंडाने सांग. भाचा म्हणाला, "मामा, येतो म्हणूनच अंगठा टाकला ना!" नाना चहा प्यायले आणि परतले. मी हे ऐकून पोट धरून हसलो होतो. पुढे जे झालं त्यानंतर हसणं जरा कमी केलं.

झालं असं. माझी लेक वैशाली, धुळ्याला देवपुरात दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी येतात तशी आली, झोके झाले, गाणी झाली, बाकीच्या लेकी आपापल्या घरी परत गेल्या. वैशाली गेली नाही. जावई घ्यायला आले, तर ही चुलीपुढे बसून राहिली, उठलीच नाही. काय झालं विचारलं तर, "काही नाही." मार नाही, दारू नाही, मागणी नाही. जावई मान खाली घालून परत गेले. मग व्याह्यांचा फोन आला की बैठक बसवू, काय ते एकदाचं तोडून टाकू. तोडून टाकू या शब्दाने माझं डोकं फिरलं. मी गावातली चार भारदस्त माणसं जमवली. काय काय सुनवायचं ते मनात घोकून ठेवलं. नानांना मी बोलावलं नव्हतं. बायकोने परस्पर बोलावलं होतं.

देवपुरात व्याह्यांच्या घरी खुर्च्या मांडल्या होत्या, आमच्या एका भिंतीला, त्यांच्या समोरच्या भिंतीला, जसे दोन गावचे पहिलवान. आमच्याबरोबर आलेली वैशाली दाराशी उभी. विहीणबाई आत, स्वयंपाकघराच्या पडद्याआड. मी खाकरून सुरुवात करणार तेवढ्यात नाना म्हणाले, "बठ्ठा खाले बसा." सगळ्यांना खाली बसवायचं म्हणून खुर्च्या काढल्या, सतरंजी आली. बसलो. वैशालीला त्यांनी मध्ये बसवलं आणि म्हणाले, आधी ही बोलेल, मग ज्याला उत्तर द्यायचं त्याने आधी तिचं बोलणं परत सांगायचं. तिने हो म्हटल्याशिवाय पुढचं तोंड उघडायचं नाही.

व्याही म्हणाले, "ही काय शाळा आहे का?"

नाना म्हणाले, "व्हय. आपू बठ्ठा नापास शे, म्हनिसन."

वैशालीने आधी सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "सकाळी उठल्यापासून मला सगळे सांगतात. हे कर, ते आण, हे असं नको. वाईट कोणी बोलत नाही. पण विचारत कोणी नाही. आखाजीला निघाले तेव्हा माझी पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. कोणती साडी नेतेस, एवढंही मला कोणी विचारलं नाही. पिशवी उघडली आणि मला वाटलं, ही माझी नाहीच."

एवढंच. मी वाट बघत होतो की खरं कारण आता पुढे येईल.

व्याही म्हणाले, "समजलं. ती म्हणते कामाचा जाच होतो, वेगळं बिऱ्हाड पाहिजे."

"नाही," वैशाली म्हणाली. "मी असं नाही म्हटलं."

मला जोर आला. मी म्हणालो, "मी सांगतो. ती म्हणते की हे लोक तिचा छळ करतात, आणि आम्ही तिला..."

"नाही आबा. हेही नाही म्हटलं."

माझ्याबरोबर आलेला एकजण हळूच हसला. त्याला मी नंतर बघून घेतलं. जावयाने धीर करून म्हटलं, "तिला दुसरी साडी न्यायची होती." वैशालीने त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा सतरंजीचे दोरे मोजायला लागला. मग त्यांच्याकडचा एक, आमच्याकडचा एक. कोणी म्हणे माहेरची ओढ आहे, कोणी म्हणे फोनमुळे पोरी बिघडल्या. प्रत्येकाला नाना शांतपणे सांगत, "नही, ती हाई नही बोलनी." दहा बाप्ये, सगळे चालतेबोलते, गावात वजन असलेले, आणि एका पोरीचं चार ओळींचं बोलणं आम्हाला उचलून तिच्या हातात परत देता येईना. मी जन्मभर शंभर माणसांना हुकूम दिले. त्या दिवशी मला घाम फुटला. पोरगी रडत नव्हती, पण दर वेळी "नाही" म्हणताना तिचा आवाज बारीक होत चालला होता. मला कळत होतं की अजून दोनचार "नाही" झाले की ती उठेल, आणि मग ही सोयरीक कोणी जोडू शकणार नाही.

तेव्हा पडदा हलला. विहीणबाई. एरवी बैठकीत बाई बोलत नाही. त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "ती म्हणते, तिला सगळे सांगतात आणि विचारत कोणी नाही. पिशवी मी भरली. चांगलं म्हणून भरली. पण तिला वाटलं, ती या घरात नाहीच."

वैशालीने वर बघितलं. "हो," म्हणाली. आणि मग रडली.

व्याही म्हणाले, "हे तुला कसं समजलं?" विहीणबाईंनी त्यांना उत्तर दिलं नाही. त्या येऊन सतरंजीवर वैशालीपुढे बसल्या, सगळ्या पुरुषांकडे पाठ करून, आणि म्हणाल्या, "तुला कधी यायचंय? उद्या, आठ दिवसांनी, का नाहीच यायचं? तू सांग."

माझं सगळं घोकलेलं भाषण माझ्या तोंडात तसंच. वैशालीने नाक पुसलं. म्हणाली, "सोमवारी येते. आईचं कैरीचं लोणचं घालायचं राहिलंय. तेवढं घालून."

"बरं," विहीणबाई म्हणाल्या. "मला एक बरणी आणशील?"

"आणते."

मी नानांकडे बघितलं. मला वाटलं हा माणूस आता मिशीवर हात फिरवेल. मी असतो तर फिरवला असता. ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत होते, पुसतच राहिले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "नाना, कमाल केली." ते म्हणाले, "मी काय करं? ती बाई आयकत व्हती." आणि रावेरच्या गाडीची चौकशी करायला निघून गेले. त्यांना जाताना बघत मी उभा राहिलो. वाकलेला माणूस, हातात कापडी पिशवी, एका पायाने जरा ओढत चालतात. माझ्यापेक्षा दोन इयत्ता कमी शिकलेले. जिनिंगच्या यंत्रासमोर उभं राहून मला जे कळलं नाही ते या माणसाला काळ्या पडलेल्या केळीपुढे बसून कळलं, याचा मला आजही अचंबा वाटतो. थोडा रागही येतो.

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. बायको ओट्यावर कैऱ्या पुसत बसली होती. वैशाली आत गेली. मी नेहमीप्रमाणे म्हणणार होतो, झालं, सोमवारी जाणार, बरण्या काढून ठेव. शब्द ओठावर आले होते. कसं कोण जाणे, म्हणालो, "पोरीला पाठवावी असं तुला वाटतं का?"

तिने कैरी खाली ठेवली. उठून माझ्या कपाळाला हात लावला. "ऊन लागलं का तुम्हाला?"

"मी विचारतोय."

ती परत बसली. मग वैशालीचं बोलली, सोमवार बरा आहे म्हणाली, लोणच्यात मोहरी किती घालायची ते बोलली. मग कैरी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला रावेरला अक्काकडे चार दिवस राहायला जायचंय. खूप दिवसांचं मनात आहे."

"मग आधी का नाही बोललीस?" असं माझ्या तोंडून निघून गेलं. तिने फक्त वर बघितलं, आणि मी तिच्यासमोर बसून विचारलं, "कधी निघतेस?"