बेलाच्या पानाच्या फळ्या

निलंग्यात स्लॅब टाकायचा म्हटलं की सेंट्रिंगच्या फळ्या सिद्धम्माच्या अंगणातून जायच्या, आणि सोबत दोन शिव्याही जायच्या. नवरा गुरुबसप्पा गेल्यापासून हा भाड्याचा धंदा तिनं एकटीनं ओढला होता. ती गोड बोलली असती तर गिऱ्हाइकांनी तिच्या फळ्या कधीच चुलीत घातल्या असत्या. प्रत्येक फळीच्या एका अंगावर गुरुबसप्पानं पटाशीनं बेलाचं पान कोरलेलं होतं. तीच तिची खूण.

सिद्धम्मा भाचीच्या लग्नाला देवणीला गेली आणि परतली तो अंगण रिकामं. दीर उमाशंकरनं नव्या घराचा स्लॅब आदल्याच दिवशी टाकला होता. ती तडक तिथं गेली आणि टेकूंमध्ये उभी राहून मान दुखेपर्यंत वर बघत राहिली. एकाही फळीवर पान नव्हतं.

"दिसलं का वैनी?" उमाशंकर सुपारी कातरत म्हणाला. "माज्या फळ्या हायत. लातूरहून आणल्यात."

"फळ्या लातूरहून आणल्या, मग लाज कुठं इकली, भावजी?"

जमलेले लोक हसले, पण तिची बाजू कुणी घेतली नाही. तिच्या शिव्या सगळ्यांनीच खाल्ल्या होत्या. फळ्या गेल्या तर ह्याच माणसाच्या दारात भाकरीला उभं राहायचं, या विचारानं तिच्या अंगाची लाही झाली. तिनं हातोडा उचलला, टेकूपाशी नेला. वर गडी पाणी मारत होते, म्हणूनच तो खाली ठेवला.

सेंट्रिंग खोलायच्या दिवशी ती न बोलावता टेम्पो घेऊन आली. फळ्या निघत गेल्या आणि गडी काम सोडून वर बघू लागले. खूण खालून दिसू नये म्हणून उमाशंकरनं पानाचं अंग काँक्रीटकडे केलं होतं, आणि कंजुषीपायी मध्ये प्लास्टिकचा कागदही अंथरला नव्हता. छतभर बेलाची पानं उमटली होती.

"घरातली गोष्ट हाय, वैनी," तो पुटपुटला. "प्लास्टर करून टाकतो."

"करा की. निजल्यावर प्लास्टराआडून तुमचा भाऊ बघंल तुमच्याकडं."

गड्यांनी कुणाला न विचारता फळ्या तिच्या टेम्पोत भरल्या.

पुढं वरच्या मजल्यासाठी उमाशंकरची बायको फळ्या मागायला आली. सिद्धम्मानं तिला चहा पाजला.

"न्या की," ती म्हणाली. "फकस्त पानाचं अंग वर ठिवायचं. अन् कागद घालायचा न्हाई."

उमाशंकरच्या घरावरच्या सळया अजून उघड्याच गंजतायत.